जाहीरनाम्याची चौकट भिंतीवर राहू द्यावी का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. ते निमित्त साधून मी नववीच्या वर्गात थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मराठीतून समजावून सांगितला. ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ आणि ‘सरकारांना अधिकार मिळतो तो शासितांच्या संमतीतून’ ही वाक्ये फळ्यावर लिहिताना खडू धरलेला हात कापत होता, हे आजही आठवते. त्या जाहीरनाम्याची छापील प्रत तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली आहे.

माझी मुलगी व्हर्जिनियात असते. गेल्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांच्या नातीला घेऊन मोठ्या हौसेने मॉन्टिसेलो, म्हणजे जेफरसन यांचे टेकडीवरचे घर, पाहायला गेलो. त्यांच्याकडे गुलाम होते हे मला पूर्वीपासून ठाऊक होते, पण धड्याचा परिणाम ओसरेल म्हणून वर्गात ते मी कधी सांगितले नाही. कृष्णवर्णीय माणसे बुद्धीने उणी आहेत असे त्यांनी स्वतःच्या पुस्तकात लिहिले आहे, हे मात्र तिथे प्रथमच कळले. परतताना गाडीत नातीने विचारले, ‘आजोबा, तुम्हाला हे माहीत होतं का?’ मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आता तिने शाळेच्या निबंधासाठी माझे मत लेखी मागितले आहे. जावई म्हणतात, काळच तसा होता. मुलगी म्हणते, ती चौकट आधी उतरवा. ‘बोले तैसा चाले’ हे मी मुलांना आयुष्यभर शिकवले. नातीला काय लिहू?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आदरणीय सर, जे पान आपल्याला ठाऊक नव्हते तिथूनच सुरुवात करते, कारण नातीच्या प्रश्नाचा मोठा भाग त्याच पानावर आहे.

जेफरसन यांचे ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ हे पुस्तक १७८५ साली पॅरिसमध्ये खासगी वाटपापुरते छापले गेले आणि १७८७ साली लंडनमध्ये रीतसर प्रसिद्ध झाले. त्याचे चौदावे प्रकरण व्हर्जिनियाच्या कायद्यांविषयी आहे. तिथे ते गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची एक योजना मांडतात आणि लगेच सांगतात, की मुक्त झालेल्यांना दूर कुठेतरी नेऊन वसवावे लागेल, कारण हे दोन समाज एकत्र नांदू शकणार नाहीत. कारणे देताना आधी ते गोऱ्यांच्या मनात खोल रुजलेले पूर्वग्रह सांगतात, कृष्णवर्णीयांच्या मनात साठलेल्या अन्यायाच्या हजारो आठवणी सांगतात. इथपर्यंत वाचक त्यांच्यासोबत असतो. त्यानंतर मात्र ते कातडीच्या रंगाकडे वळतात, रूपाकडे वळतात, आणि एखाद्या वनस्पतीचे वर्णन करावे तशा थंडपणाने माणसांची प्रतवारी लावतात. कृष्णवर्णीयांची स्मरणशक्ती गोऱ्यांच्या बरोबरीची, पण तर्कशक्ती पुष्कळ कमी; कल्पनाशक्ती निस्तेज; आणि त्यांची दुःखे क्षणिक, असे ते लिहितात. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून लहानपणी पकडून आणलेली कवयित्री तेव्हा अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर वाचली जात होती. तिच्या कविता टीका करण्याच्याही योग्यतेच्या नाहीत, असे सांगून ते तिला बाजूला सारतात. शेवटी, शरीर आणि मन या दोन्ही बाबतींत हे लोक गोऱ्यांहून उणे असावेत, असा आपला ‘केवळ संशय’ आहे, असे म्हणून ते थांबतात.

‘त्यांची दुःखे क्षणिक’ हे शब्द कृपया लक्षात ठेवा; त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या पानाविषयी बोलताना पुष्कळ जण दोन जेफरसन कल्पितात. एक जाहीरनाम्याचा, उजेडातला. दुसरा शेतमळ्याचा, अंधारातला. मग एकाला हार घालायचा आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची. मला ही विभागणी पटत नाही. ज्या समाजात ‘राजा राजाच्या जागी, दास दासाच्या जागी’ हीच देवाची योजना मानली जाते, तिथे गुलाम बाळगणाऱ्याला गुलामाच्या बुद्धीविषयी काही सिद्ध करावे लागत नाही. पण सर्व माणसे समान आहेत असे जगापुढे एकदा जाहीर केले, की हाताखालच्या माणसांचा हिशेब द्यावा लागतो. एक तर त्यांना सोडावे लागते, नाहीतर ती पूर्ण माणसे नसावीत असा संशय तरी जवळ बाळगावा लागतो. जेफरसन यांनी संशय बाळगला. त्यांचा आदर्श आणि त्यांचा पूर्वग्रह एकमेकांना टेकून उभे होते, हे आपल्या नातीच्या निबंधात आले तर बरे होईल. आपण महाराष्ट्रात नागरिकशास्त्र शिकवले आहे, तेव्हा माणसाला उणे ठरवणारे शास्त्र कोणाच्या सोयीसाठी रचले जाते, हे आपल्याला मी सांगायला नको.

संशय प्रामाणिक असेल, तर पुरावा समोर आल्यावर तो हलतो. म्हणून बेंजामिन बॅनेकर यांची हकीकत मी थोडी सविस्तर सांगते. बाल्टिमोरजवळच्या एका लहानशा शेतावर राहणारे हे स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ बव्हंशी स्वतःच्या अभ्यासाने गणित आणि खगोलशास्त्र शिकले होते. १७९१ साली, वयाच्या साठीत, नव्या राजधानीच्या भूमापनाच्या कामातही त्यांनी मदत केली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला त्यांनी जेफरसन यांना पत्र लिहिले. जेफरसन तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. सोबत बॅनेकर यांनी पुढच्या वर्षाच्या स्वतः गणित केलेल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत पाठवली. पत्राची भाषा कमालीची अदबीची आहे, पण त्यांनी जाहीरनाम्यातले ते प्रसिद्ध वाक्य लिहिणाऱ्यालाच परत ऐकवले आणि विचारले, की ईश्वराने सर्वांना सारखे हक्क दिले आहेत याची एवढी खात्री असलेल्या माणसाने आमच्या इतक्या बांधवांना कपटाने आणि बळजबरीने डांबून ठेवावे, हे किती शोचनीय आहे? जेफरसन यांनी ३० ऑगस्टलाच उत्तर दिले. निसर्गाने कृष्णवर्णीयांनाही सारखीच बुद्धी दिल्याचे असे पुरावे पाहण्याची माझ्याइतकी इच्छा कोणाला नसेल, असे त्यांनी लिहिले आणि ती प्रत पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव काँदोर्से यांच्याकडे पाठवत असल्याचे कळवले. हे पत्र वाचून कोणालाही वाटावे की आता संशय सुटला. १८०९ साली, बॅनेकर हयात नसताना, जेफरसन यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र सूर वेगळा आहे. पंचांगाच्या गणितात शेजारच्या गोऱ्या गृहस्थांची मदत असावी, आणि बॅनेकर यांचे ते लांबलचक पत्र अगदी सामान्य बुद्धीचे दर्शन घडवते, असे त्यात म्हटले आहे. अठरा वर्षांत पुरावा तोच राहिला होता. मान्य केला असता तर मॉन्टिसेलोचा संसार मोडावा लागला असता.

आता जावयांच्या म्हणण्याकडे येते. काळ तसा होता हे अर्धेच खरे आहे, कारण काळात इतर माणसेही होती. गुलामांना खासगीरीत्या मुक्त करण्याची वाट व्हर्जिनियाच्या कायद्याने १७८२ सालीच मोकळी केली होती. त्याच व्हर्जिनियातले मोठे जमीनदार रॉबर्ट कार्टर यांनी १७९१ साली साडेचारशेहून अधिक माणसांच्या मुक्ततेचा दस्त करून दिला. जेफरसन यांच्याच जिल्ह्यातले तरुण एडवर्ड कोल्स यांनी १८१४ साली त्यांना पत्र लिहून विनवले, की आपण या प्रश्नात पुढाकार घ्यावा, आपला शब्द देश ऐकेल. एकाहत्तर वर्षांच्या जेफरसन यांनी हे काम आता तरुणांचे आहे असे उत्तर दिले, आणि वर कोल्स यांनाही आपले गुलाम सोडून न जाण्याचा सल्ला दिला. कोल्स थांबले नाहीत. १८१९ साली ओहायो नदीतून पश्चिमेकडे जाताना, तराफ्यासारख्या सपाट नावांवर सोबत असलेल्या आपल्या गुलामांना त्यांनी भर प्रवाहात सांगितले, की या क्षणापासून तुम्ही स्वतंत्र आहात. आणि इलिनॉयमध्ये पोहोचल्यावर कुटुंबाकुटुंबाला जमीन दिली. शिवाय ‘त्या काळाचे मत’ म्हणताना गुलाम स्त्री-पुरुषांचे मत आपण सहसा मोजतच नाही. ती माणसेही त्याच काळात जगत होती आणि गुलामगिरी अन्याय आहे हे त्यांच्यापैकी कोणाला शिकवावे लागले नव्हते.

जेफरसन यांना स्वतःलाही ते शिकवावे लागले नव्हते. त्याच पुस्तकाच्या अठराव्या प्रकरणात, ईश्वर न्यायी आहे आणि त्याचा न्याय कायमचा झोपून राहणार नाही या विचाराने आपण देशासाठी थरथरतो, असे त्यांनी लिहिले आहे. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत १८०० सालानंतर गुलामगिरी नसावी असा प्रस्ताव त्यांनी १७८४ साली आणला होता आणि तो केवळ एका मताने पडला. परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर १८०७ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचीच सही आहे. हे सगळे नातीला अवश्य सांगावे. पण जमेच्या आणि खर्चाच्या रकमा मांडून शिल्लक काढण्याचा मोह दोघांनीही टाळावा. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. मॉन्टिसेलोच्या उतारावर त्यांनी खिळे करण्याचा कारखाना घातला होता. त्यात दहा ते सोळा वर्षांची मुले काम करत, आणि आपण स्वतः त्यावर बारीक देखरेख ठेवतो असे त्यांनी १७९५ साली एका फ्रेंच स्नेह्याला अभिमानाने कळवले होते. त्या दहा वर्षांच्या मुलाच्या दिवसातून १८०७ चा कायदा वजा होत नाही.

सॅली हेमिंग्ज यांच्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण मॉन्टिसेलोत आपण ते पाहिलेच असेल. त्या जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीच्या सावत्र बहीण होत्या आणि जेफरसन यांच्या गुलाम होत्या. १९९८ साली झालेली डीएनए चाचणी आणि कागदपत्रे यांच्या आधारे, त्यांच्या मुलांचे वडील जेफरसन असण्याची दाट शक्यता आहे असे मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली मान्य केले, आणि आता ती संस्था ही गोष्ट घडलेला इतिहास म्हणूनच सांगते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे गोऱ्यांशी रक्त मिसळू नये म्हणून त्यांना दूर पाठवावे, असे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरातली ही हकीकत आहे. सॅली यांचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी ओहायोतल्या एका वृत्तपत्रात आपली कहाणी सांगितली ती १८७३ साली. त्यांच्या शब्दाला सव्वाशे वर्षे बहुतेक इतिहासकारांनी किंमत दिली नाही.

१८७३ हे साल वाचताना आपण थबकला असाल. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निःस्वार्थीपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले, माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. अर्पण कोणाला केले ते पाहावे. जोतीरावांनी एका राष्ट्रपुरुषाचे नाव काढले नाही. गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांचे काढले.

‘बोले तैसा चाले’ या आपल्या कसोटीवर जेफरसन उतरत नाहीत, आणि ती कसोटी सैल करा असे मी म्हणणार नाही. पावले वंदण्याजोगी नाहीत, हे नातीला स्पष्ट लिहावे. पण ती कसोटी माणसाची आहे, त्याने लिहिलेल्या वाक्याची नाही. ‘सर्व माणसे समान’ हे वाक्य पुढे ज्यांनी वापरले, त्यांनी त्यातून नेमका तोच अर्थ काढला, ज्याला लिहिणारा भीत होता. बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर हे स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ होते. १८२९ साली काढलेल्या आपल्या आवाहनात त्यांनी जेफरसन यांच्या त्या पानाचा थेट समाचार घेतला. त्यांचा सल्ला ऐकण्याजोगा आहे: आपल्या ज्या बांधवाला मुलगा असेल त्याने जेफरसन यांचे हे पुस्तक विकत घ्यावे आणि मुलाच्या हाती द्यावे, गोऱ्या मित्रांनी केलेल्या खंडनावर विसंबू नये, हे खंडन आपले आपणच केले पाहिजे. त्याच आवाहनाच्या शेवटी त्यांनी जाहीरनाम्यातली वाक्ये उतरवून अमेरिकनांना विचारले, ‘तुम्हाला तुमची स्वतःची भाषा समजते का?’ पुस्तक लपवा असे वॉकर म्हणाले नाहीत, आणि जाहीरनामा फाडा असेही म्हणाले नाहीत. उलट १८६१ साली, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी जाहीर भाषणात सांगितले, की जेफरसन आणि त्यांच्या पिढीच्या कल्पना वंशांच्या समानतेवर उभ्या होत्या आणि तीच त्यांची चूक होती. आमच्या नव्या सरकारची कोनशिला म्हणजे कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. वंशश्रेष्ठत्वाच्या कडव्या पुरस्कर्त्याला ते वाक्य आड येत होते. माझ्या दृष्टीने त्या वाक्याच्या बाजूने याहून मोठी साक्ष नाही.

म्हणून मुलीचा राग मला समजत असला, तरी चौकट उतरवू नये असे माझे मत आहे. आपल्या भिंतीवर जेफरसन यांची तसबीर नाही, जाहीरनामा आहे, आणि आणीबाणीत तो साताऱ्याच्या एका वर्गात वाचला गेला हाही आता त्याच्या कहाणीचा भाग आहे. मात्र तो एकटा राहू नये. बॅनेकर यांचे पत्र सहज मिळते. नातीला ते मराठीत उतरवायला सांगावे, आपण शुद्धलेखन तपासावे, आणि तेवढ्याच मोठ्या चौकटीत ते शेजारी लावावे. आणखी एक विनंती आहे. परदेशात स्थिरावलेल्या आपल्याच घरांतून कृष्णवर्णीय शेजाऱ्यांविषयी काय बोलले जाते, नातीच्या मित्रमैत्रिणींपैकी कोण घरी आले की आवाज बदलतात, हे ती सोळा वर्षे ऐकत आली असेल. तिने तो विषय काढला, तर तिला गप्प बसवू नये.

आता त्या क्षणिक दुःखाविषयी. ४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारले तेव्हा त्यांच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोत लिलाव झाला आणि जाहिरातीत ‘१३० मौल्यवान निग्रो’ असे छापलेले होते. लोहार जोसेफ फॉसेट यांना मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळाले, पण त्यांच्या पत्नी एडिथ, ज्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या मुदपाकखान्यात फ्रेंच स्वयंपाक शिकला होता, आणि त्यांची मुले वेगवेगळ्या मालकांना विकली गेली. त्यांतला पीटर अकरा वर्षांचा होता. पैसे जमले की मुलगा परत देईन असा शब्द त्याला विकत घेणाऱ्याने दिला आणि पाळला नाही. पीटर चोरून लिहायला-वाचायला शिकले, दोनदा पळाले, पकडले गेले, पुन्हा विक्रीला निघाले, आणि १८५० च्या सुमारास नातलग-मित्रांनी पैसे भरून त्यांना सोडवले. पुढे ते सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाले. १८९८ साली, ऐंशी ओलांडल्यावर, एका वृत्तपत्राला आठवणी सांगताना त्यांना तो लिलावाचा दिवस लख्ख आठवत होता. तेव्हा त्याला एकाहत्तर वर्षे झाली होती. १९०० साली ते पुन्हा एकदा मॉन्टिसेलो पाहून आले.

नातीने हे दोन कागद, १७८७ सालचे ते पान आणि १८९८ सालच्या या आठवणी, एकापाठोपाठ वाचावेत. निबंधात काय लिहायचे ते तिचे तिला सुचेल. आपण तिला निष्कर्ष पुरवू नये. आपण तिला उत्तर मात्र द्यायचे आहे, कारण तिचा प्रश्न जेफरसन यांच्याविषयी नव्हता. गाडीत तिने आपल्याविषयी विचारले होते. तेव्हा पत्राची सुरुवात अठराव्या शतकापासून करू नका. पहिल्या ओळीत एवढेच लिहा, की थोडं माहीत होतं, बाळ, आणि ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.